अर्धा श्वास आधी

पांढुर्णा
१८ नोव्हेंबर २०२४

चंचल,

सप्रेम नमस्कार, जय भीम, कशी आहेस, यातलं तुला आज जे चालेल ते घे. तीन वर्षांनी पत्र लिहितोय, मायना जमला नाही तर रागावू नकोस.

फोन हातात असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर लिहिलं की दोन निळ्या खुणा येतात. म्हणजे तू वाचलंस, आणि उत्तर मात्र येत नाही. कागदाला निळ्या खुणा येत नाहीत. पोस्टमननं हरवलं असेल, तुझी वडसाची नाटक कंपनी मुक्काम हलवून पुढे गेली असेल, मालकीण विजयमालाबाईंनी चुलीत घातलं असेल, असं काहीही समजून माणूस आठ-दहा दिवस आशेवर काढू शकतो. माझ्यासारख्याला तेवढं पुष्कळ झालं.

आई गेली. तुला कुणी सांगितलं की नाही माहीत नाही. गोटमारीच्या दिवशी गेली. अख्खं पांढुर्णा जाम नदीवर आणि पलीकडून अख्खं सावरगाव, दोन्हीकडून दगडांचा पाऊस, आणि मी गल्लीत खांदा द्यायला चार माणसं शोधत फिरतोय. शेवटी एकाचं डोकं फुटलं होतं म्हणून तो घरी सापडला, त्यानंच पट्टी बांधून खांदा दिला. आई असती तर हे सांगून स्वतःच हसली असती. तिला तू आवडत नव्हतीस, म्हणजे तुझी जात आवडत नव्हती. तुझं नाटक मात्र तिनं पदर तोंडाशी धरून दोनदा पाहिलं होतं, हे तुला मी तेव्हा सांगितलं नाही.

आता घरात मी एकटा. दिवसभर शाळेत हिंदी शिकवतो, संध्याकाळी मराठीत लिहितो, आणि घरात दोन्हीपैकी एकही भाषा बोलायला कुणी नाही. परवा संत्र्याच्या बागेत ठेकेदाराची माणसं तोडणीला आली, तर त्यांना मी चारदा चहा केला. शेवटी त्यांचा मुकादम म्हणाला, "मास्तर, आता बस करा ना बाप्पा, पोट आहे का टाकी?"

कादंबरी पुरी झाली, तिची झेरॉक्स सोबत धाडतोय. एक लेखक आणि एक नटी. नाव बदललंय तुझं, पण बोलताना बोटं मोडायची तुझी सवय ठेवली आहे. नागपूरच्या एका प्रकाशकानं परत पाठवली. भाषा गोड आहे म्हणे, पण नायिका जिवंत वाटत नाही. त्याला काय कळतं! जिवंत आहे, आणि वडसाला आहे.

उत्तर दिलंस तर बरं वाटेल.

भूपेंद्र

*

पांढुर्णा
१२ डिसेंबर २०२४

चंचल,

उत्तर आलं नाही, पण तुझ्या मालकीणबाईंचा फोन आला. विजयमालाबाई म्हणाल्या, "लेखकजी, तुमच्या पुस्तकाचं नाटक करून द्या. चंचलनं स्टोरी सांगितली मले."

म्हणजे तू वाचलीस! निदान कुणाला सांगण्याइतकी वाचलीस. मी फोन ठेवल्यावर अंगणात दोन चकरा मारल्या आणि शेजारच्या म्हातारीला उगाच विचारलं, काय आजी, तब्येत कशी? ती अजून माझ्याकडे संशयानं पाहते.

नाटक लिहून धाडतोय. बाईंनी नाव आधीच ठरवलंय, 'नटीचा संसार'. असू दे, पोस्टर त्यांचं. सौंसरला आणि दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला प्रयोग लावायचं कबूल केलंय त्यांनी. कंपनी एवढ्या लांब कधी येत नाही, पण सौंसरची पोरगी सौंसरात नाचेल तर मैदान भरेल, हा त्यांचा हिशेब. माझा हिशेब वेगळा आहे. तो पुढच्या पत्रात.

लिहिताना सारखं आपलं पहिलं नाटक आठवत होतं. सौंसरच्या विहारासमोर, जयंतीला. लेखक मीच आणि पडद्यामागचा प्रॉम्प्टरही मीच. तुला कपाशीच्या वेचणीतून पाठ करायला वेळ नव्हता. तू म्हणालीस, "पाठ कायले करू? तुम्ही सांगजा, मी म्हणतो." मग मी वाक्य द्यायचो आणि तू ते उचलायचीस. मी घाई केली तर तू मागून यायचीस, उशीर केला तर सगळ्यांसमोर बोटं मोडत उभी राहायचीस. तिसऱ्या प्रवेशापर्यंत गणित बसलं. अर्धा श्वास आधी मी, मग तू. माझं कुजबुजलेलं, सर्दी झालेलं वाक्य तुझ्या तोंडून हजार माणसांवर जायचं आणि बाया डोळे पुसायच्या. माझं इतकं चांगलं कुणी कधी ऐकलं नव्हतं. प्रेमात पडायला एवढं कारण पुरतं, निदान मला पुरलं.

तुझ्या कंपनीत तर कुणीच पाठ करत नाही. दोन दिवसांची तालीम, गोष्ट समजून घ्यायची आणि बाकी सगळं रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसलेल्या प्रॉम्प्टरवर. लोक हसतात याला. मला त्यात काही हसण्यासारखं दिसत नाही.

भूपेंद्र

*

पांढुर्णा
५ जानेवारी २०२५

चंचल,

काल जामसांवलीच्या मारुतीला गेलो होतो, एकटाच. शनिवार असल्यानं गर्दी होती. आपली जागा अजून तशीच आहे, फक्त शेंगदाणेवाल्यानं आता टोपली सोडून हातगाडी घेतली. मी पांढुर्ण्याहून, तू सौंसरहून, आणि देवळाला का जातोस असं मला घरी कुणी विचारत नाही म्हणून आपण तिथं भेटायचो. मी आत जाऊन खरंच हात जोडायचो, घरी खोटं बोलावं लागू नये म्हणून. तू बाहेर माझ्या चपला सांभाळत शेंगदाणे खायचीस आणि मी आलो की म्हणायचीस, "काय म्हणते तुमचा देव? लगन लावून देते का?" यावेळी चपला बाहेर तशाच सोडल्या आणि आत सारखं लक्ष चपलांकडेच. कुणी नेल्या नाहीत. न्याव्या अशा त्या नव्हत्याच.

परतताना सौंसरला कवडूबाबांकडे गेलो. तुझे बाबा आता गवंडीकाम फारसं करत नाहीत, गुडघे दुखतात म्हणाले. मला खाट टाकून दिली, चहा दिला. मी विचारलं, चंचल काय म्हणते? म्हणाले, "इतवारी फोन करते. थकली म्हणते. वापस ये म्हटलं तर हासते."

हे ऐकून मी ठरवलंच. आडपडदा न ठेवता लिहितो. तू परत ये. आई नाही, आता आडवं येणारं कुणी नाही. घर आहे, बाग आहे, माझी नोकरी आहे. नटी म्हणून नको, चंचल म्हणून ये. लग्न करू. भावकी चार दिवस बोलेल, मग संत्र्याच्या भावाकडे वळेल.

पत्रातून तू हो म्हणणार नाहीस, हे मला माहीत आहे. म्हणून नाटकात सोय केली आहे. तिसऱ्या अंकाच्या शेवटी लेखक नटीला म्हणतो, थांब. आणि नटीचं वाक्य आहे, "मी थांबते. आता कुठंच जात नाही." सौंसरला तू तेवढं वाक्य म्हण. जसं आहे तसं. त्याला मी तुझा होकार समजेन. तुझ्या गावात, बाबांसमोर, सगळ्या मैदानासमोर बोललेलं वाक्य असेल ते, मग मागे कसं घेणार? आणि म्हणायचं नसेल, तर—

या 'तर'च्या पुढे मी नाटकातही काही लिहिलेलं नाही.

भूपेंद्र

*

पांढुर्णा
३ फेब्रुवारी २०२५

चंचल,

तुझा निरोप आला! फोनवर का होईना, आला. 'पत्र मिळाले. पाय सुजले आहे. सौंसरला भेटू.' मी तो इतक्यांदा वाचलाय की शाळेत हजेरी घेताना 'भेटू' म्हणालो आणि चौथीची पोरं खी खी हसली.

'पत्र मिळाले' यात 'कबूल नाही' असं कुठंच नाही. आणि 'भेटू' तर तुझ्याच बोटांनी लिहिलंय.

एक लबाडी केली, तीही सांगून टाकतो. तुमच्या प्रॉम्प्टरला, श्रावणभाऊंना, फोन केला. म्हटलं, सौंसर आणि पांढुर्ण्याला मला बसू द्या खड्ड्यात. ते आधी म्हणाले, "लेखकजी, तुमचं काम नाही होय थे, कंबर जाते." मग माझ्या आवाजात काय ऐकलं कोण जाणे, म्हणाले, "बरं. माझा गळा बसला म्हणून सांगतो बाईले." भला माणूस.

तर १५ तारखेला मी तुझ्या पायाशी असेन. अर्धा श्वास आधी.

भूपेंद्र

*

पांढुर्णा
१६ फेब्रुवारी २०२५, सकाळ

चंचल,

हे पोस्टात टाकत नाही, संध्याकाळी प्रयोगाआधी हातात देईन. कालचं तुला वरून कसं दिसलं माहीत नाही. खालून कसं दिसलं ते सांगतो.

खड्ड्यातून माणसाचा चेहरा नीट दिसत नाही. पाय दिसतात. तुझे पाय खरंच सुजलेत. घोट्याशी पैंजण रुतलं होतं, आणि पहिल्या अंकाच्या नाचात तू डावा पाय जपून टाकत होतीस. 'पाय सुजले आहे' असं तू लिहिलं होतंस आणि मी उत्तरात एक अक्षरही विचारलं नाही. ते मला काल, एका हातावर दिसत असताना, आठवलं.

बाकी नाटक रंगलं. पोलिसांची परवानगी दहापर्यंतची, म्हणून बाईंनी उन्हं उतरतानाच पडदा वर केला, तरी मैदानात मुंगीला जागा नव्हती. कवडूबाबा पहिल्या रांगेत, नवं धोतर नेसून. मी वाक्य देत गेलो, तू उचलत गेलीस, मध्ये इतकी वर्षं गेलीच नव्हती असं वाटलं. मी फार आनंदात होतो. हे लिहायला लाज वाटत नाही. सहा वाजल्यापासून तिसऱ्या अंकापर्यंत मी या जगातला सगळ्यात सुखी माणूस होतो, खड्ड्यात बसून.

मग तुमच्या हिरोनं, अक्षयनं, लेखकाचं वाक्य म्हटलं, "थांब." मी दिलं, "मी थांबते. आता कुठंच जात नाही."

तू उचललं नाहीस.

मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. पुन्हा दिलं, जरा मोठ्यानं. तिसऱ्यांदा दिलं ते पहिल्या दोन रांगांनी ऐकलं आणि एक पोरगं ओरडलं, "अबे, खड्डा बोलून राहिला!" सगळे हसले. तू हसू ओसरू दिलंस. बोटं मोडलीस. आणि अक्षयकडे पाहून, पण आवाज खाली माझ्याकडे टाकून म्हणालीस,

"थांब म्हणता मले. संग येतो म्हणाले का कधी?"

आधी बायकांच्या बाजूनं टाळी पडली. मग सगळं मैदान. लोकांना वाटलं नाटकच आहे. अक्षय बिचारा खड्ड्याकडे पाहत राहिला, त्याला पुढचं वाक्य हवं होतं. माझ्याकडे नव्हतं. विंगेतून बाईंनीच पडदा ओढायला लावला.

नंतर तुझ्या घरी तू अंगणात बसून पाय गरम पाण्याच्या घमेल्यात सोडले होतेस. मी म्हणालो, असं सगळ्यांसमोर का केलंस? तू म्हणालीस, "तुम्ही नाही मांगितलं सगळ्यायसमोर? तुम्हीच त लिहिलं, सौंसरात सांग म्हणून."

मग तू जे बोललीस ते मी रागानं ऐकलं, पण रात्रभर तेच ऐकत होतो. तू म्हणालीस, "तुमचं पुस्तक वाचलं मी पुरं. चांगलं लिहिता तुम्ही. पण थे बाई मी नाही होय, लेखकजी. तिले भूक नाही लागत. तिचे पाय नाही दुखत. तुम्ही जे सांगान थे म्हणते अन् रडते. मी नाटकात काऊन गेली माहीत आहे का? मले आवडते म्हणून. थकली तरी आवडते. तीन साल आधी मी म्हटलं होतं, चला ना संग, कंपनीले लेखक पायजेच. तुम्ही म्हटलं, आई आहे. बरोबर होतं थे, मी काही बोलली नाही. आता आई नाही. मंग आताही मीच काऊन येऊ?"

मी म्हणालो, नोकरी, बाग. तू म्हणालीस, "हो. आहे ना नोकरी. मले मालूम आहे." आणि घमेल्यात आणखी थोडं गरम पाणी ओतलंस. तुझ्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

पहाटे सौंसरहून निघताना विजयमालाबाईंनी प्रॉम्प्टरची प्रत माझ्या हातात दिली. त्यांना काहीच ठाऊक नाही. म्हणाल्या, "लेखकजी, चंचलचं थे वाक्य टाका याच्यात पक्कं. काय टाळ्या घेतल्या पोरीनं! अन् अक्षयले त्याच्यावर जवाब लिहून द्या. हिरो मुका उभा राहते, बरं नाही दिसत."

कंपनीचा हा नियम मी तुझ्याकडूनच ऐकला होता. जे वाक्य एकदा मैदानाला भिडलं ते प्रतीत चढतं, आणि प्रतीत चढलं की प्रॉम्प्टरनं ते रोज द्यायचं, ते मुळात कुणाचंही असो.

घरी आल्यापासून प्रत समोर घेऊन बसलोय. तुझं वाक्य माझ्या अक्षरात लिहिलं. 'मी थांबते' वर आडवी रेघ मारली. आता लेखकाचा जबाब. एवढी कादंबरी लिहिली मी, आणि हिरोला एक शब्द हवा आहे. शब्द मला ठाऊक आहे. 'येतो.' तो आज मी लिहिला तर संध्याकाळी अक्षय म्हणेल, पण तुला कळेल तो कुणाचा आहे. मग मला खड्ड्यातून वर यावं लागेल, आणि उद्या पहाटे कंपनीचा ट्रक निघेल त्यात बसावं लागेल. वय त्रेचाळीस, सरकारी शाळा, पेन्शन, अर्ध्या बागेत मृग बहाराची संत्री अजून झाडावर. आणि वडसाला मला कोण ओळखतं? तिथं मी चंचलचा माणूस असेन. आणि तू तीन वर्षं तिथं कुणाच्या ओळखीवर राहिलीस, हाही प्रश्न मी आजच पहिल्यांदा स्वतःला विचारला.

संध्याकाळपर्यंत वेळ आहे. माझा जबाब तुला खड्ड्यातून ऐकू येईल.

भूपेंद्र

*

पांढुर्णा
१९ फेब्रुवारी २०२५

चंचल,

आधीचं पत्र खिशातच राहिलं, ते यासोबत जोडतोय. कंपनीचा पुढचा मुक्काम मला माहीत नाही, म्हणून वडसाच्या पत्त्यावर टाकतो. फिरत फिरत येईल तुझ्यापर्यंत.

पांढुर्ण्याचा प्रयोगही भरला. माझ्या शाळेतले गुरुजी आले होते, भावकी आली होती. भूपेंद्रचं नाटक आहे म्हणून सगळे, आणि भूपेंद्र कुठं बसलाय ते कुणालाच दिसत नव्हतं. तू घोट्यांना पट्ट्या बांधल्या होत्या. पैंजण नव्हतं. मला ते पाहून बरं वाटलं, आणि पट्ट्या बांधायला मी नव्हतो याचं वाईटही वाटलं.

तिसरा अंक आला. अक्षय म्हणाला, "थांब." आणि मी दिलं. तसं ते वाक्य देणं काही अवघड नाही, लहान आहे. थांब म्हणता मले, संग येतो म्हणाले का कधी. अर्धा श्वास आधी मी म्हणालो आणि मग तू. एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. इतकं जुळून आपण आधी कधीच बोललो नव्हतो.

टाळ्या ओसरल्या. अक्षयनं सवयीनं खड्ड्याकडे पाहिलं, जबाबासाठी. तोपर्यंत ठीक होतं. मग तूही पाहिलंस. तू कधी खाली पाहत नाहीस, ते कामात कच्चेपण असतं असं तूच मला शिकवलं होतंस. पण तू पाहिलंस, मान वाकवून, आणि पहिल्यांदाच खड्ड्यातून मला तुझा पूर्ण चेहरा दिसला. तू वाट पाहत होतीस. मला वाटलं म्हणून नाही सांगत, खरंच पाहत होतीस.

प्रत माझ्या मांडीवर उघडी होती. तुझ्या वाक्याखाली मी दुपारी जे लिहिलं होतं ते समोर होतं. मी लिहिलं होतं, 'पडदा.'

ते न देता दुसरं काही देता आलं असतं. प्रत माझी, नाटक माझं, तोंड माझं. तू थांबली होतीस, तुझ्या मानानं पुष्कळ थांबलीस. मग मी विंगेकडे हात केला.

परवा पहाटे ट्रक गेला. तीगावच्या फाटकाशी थांबला असेल, तिथं मालगाडी फार वेळ घेते. मी अंथरुणातच होतो, जागा. आठ वाजता उठून शाळेत गेलो. चौथीला वाचन दिलं. दुपारी मुख्याध्यापक म्हणाले, "सर, नाटक बहुत बढिया था, लेकिन एंड में हीरो कुछ बोलता क्यों नहीं?" मी म्हणालो, असंच आहे ते. त्यांना मराठी कळत नाही, तरी त्यांनी मान हलवली.

श्रावणभाऊंना प्रत परत दिली आहे. आता रोज ते तुला ते वाक्य देतील, होळीपर्यंत, गावोगाव. त्यांना सांग, जरा लवकर देतात ते, तुला अर्धा श्वासच लागतो. आणि पाय एखाद्या डॉक्टरला दाखव. पुढचा सीझन लांब असतो.

आत्ता संध्याकाळ झाली आहे. दिवा लावला, चहा केला, सवयीनं दोन कप. मघाशी इथं, याच खोलीत, मी तो शब्द एकदा मोठ्यानं म्हणून पाहिला. येतो. चांगला स्पष्ट आला, मागच्या रांगेपर्यंत गेला असता. मग थोडा वेळ थांबलो, कुणी उचलतं का म्हणून.

भूपेंद्र